गावची बावडी मोकळी करताना : सोळा महिन्यांचा हिशेब

पुस्तकात तिला बारव म्हणतात, आमच्याकडे दर्यापूरच्या (जि. अमरावती) बाजूला पायविहीर किंवा सरळ बावडी. याच तालुक्यात महिमापूरची सात मजली बावडी आहे, ती बघायला लोक लांबून येतात. आमची तेवढी मोठी नाही. एका बाजूनं उतरणाऱ्या ४६ पायऱ्या आणि तळाला १८ बाय १८ फुटांचं कुंड, एवढंच. एकच दार असलेल्या विहिरीला जुन्या शिल्पग्रंथांत ‘नंदा’ म्हणतात. दोन दारांची भद्रा, तीनची जया, चारची विजया. गावात हे कुणाला माहीत नव्हतं आणि त्यानं काही अडलंही नाही. अडलं ते कागदांवर, आणि एकदा पंपावर. दोन्ही सविस्तर सांगतो, कारण या कामाला हात घालणाऱ्या पुढच्या गावाचं अडणार तेही तिथंच.

आधी आमच्या पट्ट्याबद्दल दोन शब्द. हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारट, आणि खोल खणत गेलं तरी मातीच माती, काळा पाषाण लागत नाही. म्हणजे बावडीचा एकेक धोंडा बैलगाडीनं लांबून आणलेला. निखळलेला दगड हरवला तर त्या मापाचा, त्या रंगाचा दुसरा शिवारात मिळत नाही. पुढचे बरेच निर्णय या एका गोष्टीनं ठरले.

ठराव २ ऑक्टोबर २०२४ च्या ग्रामसभेत झाला. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. सह्या आधी मोजून घ्या, नाहीतर तहकूब सभेचा ठराव म्हणून पुढं कुणीतरी बोट ठेवतं. ठरावात ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला. तो दिसला की बांधकाम विभाग अंदाजपत्रक मागतो आणि अंदाजपत्रकात सिमेंट येतं. आम्ही लिहिलं : ‘गाळ काढणे, झुडपे काढणे, निखळलेले दगड मूळ जागी बसवणे व नोंद ठेवणे.’ या चार कामांपलीकडं जायचं नाही हे तिथंच ठरलं.

ठराव वेळेत झाला हे नशीब. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागेपर्यंत तहसीलमध्ये कुणी टेबलावर सापडेना. त्याच दिवसांत ग्रामसेवकांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आणि तलाठ्यांचं ग्राम महसूल अधिकारी. अर्जावर नवं पदनाम लिहा. तोंडी ‘तलाठीभाऊ’ म्हटलेलं अजून चालतं.

फावडं उचलायच्या आधी एक प्रश्न सोडवावाच लागतो : ही वास्तू संरक्षित आहे का? केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा लागू होतो. स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढं २०० मीटर विनियमित. परवानगीशिवाय तिथं काही केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगल्या हेतूनं केलं म्हणून सूट नाही. राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालय. दोन्हींत नसेल तर जमिनीचा मालक आणि ग्रामपंचायत.

तोंडी चौकशीवर विसंबू नका. आम्ही दोन्हीकडं माहिती अधिकारात अर्ज टाकले, प्रत्येकी १० रुपये शुल्क : राज्याकडं कोर्ट फी तिकीट, केंद्राकडं पोस्टल ऑर्डर. प्रश्न एकच ठेवला : ‘मौजे अमुक, गट क्रमांक अमुक येथील पायविहीर आपल्या संरक्षित यादीत आहे काय? असल्यास अधिसूचनेची प्रत द्यावी.’ ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की उत्तर लांबतं. एका कार्यालयाचं उत्तर १९ दिवसांत आलं. दुसऱ्याचं, म्हणजे राज्याच्या कार्यालयाचं, ३० दिवसांत आलं नाही, म्हणून २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं, मग बारा दिवसांत आलं. दोन्ही ठिकाणी ‘यादीत नाही’. ही दोन पत्रं आम्ही लॅमिनेट केली नाहीत, त्यावर शिक्के असतात. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली. पुढं निदान सहा टेबलांवर ती दाखवावी लागली.

यादीत नाही म्हणजे जुनं नाही, असं मात्र नव्हे. १८९७ मध्ये हेन्री कझिन्सनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुराणवास्तूंची यादी केली होती, आणि १९११ चं अमरावती जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. दोन्ही इंटरनेटवर मिळतात. गावाचं नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा.

मग जमीन. सातबारावर ज्या गटात बावडी पडते तो खाजगी निघाला. गावातले निम्मे लोक समजत होते सरकारी आहे, उरलेले म्हणत होते देवस्थानची. सातबारा बारकाईनं वाचला तर पोटखराबाच्या रकान्यात ‘वर्ग ब’ खाली अडीच गुंठे दिसले. पोटखराब ‘अ’ म्हणजे लागवडीलायक नसलेली जागा. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली, जसं रस्ता, पाणवठा, स्मशान. अडीच गुंठे ‘ब’ मध्ये होते याचा अर्थ जुन्या बंदोबस्तातच, म्हणजे जमिनीच्या मोजणी-आकारणीत, कुणीतरी हा पाणवठा गावाचा म्हणून नोंदवून ठेवला होता. सबंध कामात सगळ्यांत मोलाची ओळ हीच ठरली. विदर्भात आणखी दोन कागद बघण्यासारखे असतात, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाचे पाण्यावरचे, वाटेचे, चराईचे वहिवाटीचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. पूर्वेकडच्या मालगुजारीच्या गावांत ते सापडण्याची शक्यता जास्त. आमच्या वऱ्हाडात रयतवारी होती. आम्हाला ते मिळाले नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

वावराचे मालक, गावाचे काका, तयार होते पण घाबरलेले. त्यांचा प्रश्न सरळ होता : “उद्या सरकारनं बोर्ड लावला तं मले माह्या वावरात गोठा बांधता येईन का?” खोटं आश्वासन द्यायचं नाही असं ठरलं होतं. त्यांना सांगितलं की संरक्षित यादीत जावी म्हणून ग्रामपंचायत तुमच्या लेखी संमतीशिवाय प्रस्ताव पाठवणार नाही, आणि हे वाक्य करारनाम्यात लिहिलं. गाळ काढायला संमती, येण्याजाण्याला बांधाच्या कडेनं आठ फुटांची वाट, पाण्यावर जनावरांचा हक्क पूर्वीप्रमाणं. स्टॅम्प पेपर १०० चा चालेल म्हणून गेलो होतो. १६ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० चा झालेला. काकांच्या दोन्ही मुलांच्या सह्या घेतल्या, आणि पुण्याला असलेल्या बहिणीचीही. सातबारावर नाव असलेला एकही माणूस सोडू नका.

हद्द कायम करायला मोजणी लागते. भूमी अभिलेख कार्यालयाकडं २८ नोव्हेंबरला ऑनलाइन अर्ज केला. फी क्षेत्र आणि मुदत यांवर ठरते, अर्ज भरतानाच कळते. भूकरमापक ११ फेब्रुवारीला आले, ‘क प्रत’, म्हणजे मोजणीचा नकाशा, ३ मार्चला हातात पडली. मोजणीच्या दिवशी शेजारच्या चारही गटांचे धारक हजर ठेवा. एक जण लग्नाला गेला होता, तेवढ्यावरून तारीख पुढं जाणार होती. त्याच्या भावाच्या सहीवर निभावलं.

कागद फिरत असताना हात रिकामे नव्हते. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, खराटे आणि विळे घेऊन गाव उतरलं. बाबांचं शेंडगाव आमच्या जवळचंच, त्यामुळं या दिवशी झाडू घ्यायला कुणाला समजवावं लागत नाही. समजवावं लागलं ते पिंपळाबद्दल. पश्चिमेच्या भिंतीत मनगटाएवढा पिंपळ होता आणि चार जण दोर बांधून ओढायला तयार. ओढला असता तर मुळासोबत भिंतीचा थर आला असता, कारण मूळ सांध्यातून आत जाऊन दगडाच्या मागं फुगलेलं असतं. खोड बुडाशी करवतीनं कापायचं, मूळ तसंच ठेवायचं, आणि दर पंधरा दिवसांनी नवी फूट खुडत राहायचं. पानंच नाहीत तर मूळ उपाशी मरतं; आमचं अकराव्या महिन्यात मेलं. मोरचूद लावला की लवकर मरतं हे खरं, पण खाली पाणी आहे, त्यात मासे आणि कासवं आहेत. म्हणून कुंडावरच्या भिंतीला मोरचूद अजिबात नाही.

जानेवारीत मोजमाप केलं. नागपूरहून एक संवर्धन वास्तुविशारद दोन दिवस आल्या. फी घेतली नाही, प्रवास आणि जेवणाचे ४,५०० झाले. त्यांनी पहिल्याच तासात सांगितलेली गोष्ट अशी : बावडीचे दोन भाग दोन काळांतले आहेत. खालच्या भिंती आणि पायऱ्या हेमाडपंती पद्धतीच्या, म्हणजे चुना-मातीशिवाय नुसते घडीव दगड एकमेकांवर तोलून. वरचा तीन फुटांचा कठडा विटा आणि चुन्याचा, पुष्कळ नंतरचा. खालच्या भागाच्या सांध्यात काहीही भरायचं नाही, वरच्याला फक्त चुना. हे समजायला आम्हाला एक माणूस नागपूरहून यावा लागला, हे थोडं लाजिरवाणंच.

फोटो काढताना प्रत्येक भिंत समोरून, चौकटीत काठी धरून. काठीवर फुटाफुटाला रंग. नुसता फोटो पुढं कामाचा राहत नाही, माप लागतं. दगडांना खुणा आधी खडूनं केल्या, त्या एका सरीत धुतल्या गेल्या. मग जो दगड निघेल त्याच्या आतल्या तोंडावर, जे नंतर दिसणार नाही तिथं, गेरूनं लिहिलं : प-३-७, म्हणजे पश्चिम भिंत, खालून तिसरा थर, डावीकडून सातवा. ऑइलपेंट नको, तो पुढं सहजी निघत नाही.

याच मोजमापात काठाचा एक दगड नीट बघितला गेला. रोज त्यावर बसून लोक तंबाखू मळत. कडेला सात खाचा आहेत, बोट फिरवलं की गुळगुळीत लागतात. सगळ्यांत खोल खाचेत करंगळी पहिल्या पेरापर्यंत जाते. या दोराच्या खाचा आहेत. सातही थोड्या डावीकडं कललेल्या, कारण ओढणारी दोराला वळसा घालून घागर एकाच बाजूला घेत असणार. पायऱ्या असून काठावरून पाणी का शेंदत, तर वर पाणी असताना उतरायचं कशाला. एका उत्साही गृहस्थांनी हा दगड ग्राइंडर मारून ‘साफ’ करून द्यायची तयारी दाखवली होती. त्यांना वर्गणीच्या कामाला लावलं.

निखळलेले दगड गावात विखुरलेले होते. धुणं धुवायला, उंबऱ्याला, बैलांच्या दावणीला, एक तर पारावर शेंदूर लावून. दवंडी दिली, मग घरोघर फिरलो. २३ दगड परत आले. बदल्यात प्रत्येकाला धुण्यासाठी कडप्प्याची फरशी दिली, २३ फरश्यांचे ४,६०० रुपये. शेंदूर लावलेला मागितला नाही, तो तिथं नव्या ठिकाणी रुजला आहे.

पैशांचं सांगतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत काम ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखड्यात घेतलं. पंधराव्या वित्त आयोगाचा (मुदत २०२५-२६ पर्यंत) ६० टक्के निधी बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठी. गाळ काढणं हे पाण्याच्या स्रोताचं काम म्हणून त्यात बसलं, ७०,००० मिळाले. ‘वारसा’ म्हणून मागितले असते तर कोणत्या शीर्षात टाकायचं यावरच वर्ष गेलं असतं. बाकी लोकवर्गणी, प्रत्येक रुपया ग्रामपंचायतीच्या नमुना ७ च्या पावतीवर. खाजगी पावतीपुस्तक छापू नका. पहिलं भांडण त्यावरूनच होतं.

मार्चमध्ये तहसीलदारांकडून गाळ वाहतुकीचं पत्र घेतलं. ट्रॅक्टरमध्ये माती दिसली की गौण खनिजाचं पथक अडवतं, आणि एकदा ट्रॉली जमा झाली की सोडवण्यात आठवडा जातो. त्याच अर्जात लिहिलं की काही नाणी, मूर्ती, भांडी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवू. दहा रुपयांच्या वर किमतीचं काहीही सापडलं तरी कळवणं बंधनकारक आहे. गावात सोन्याच्या हंड्याची गोष्ट असतेच. हे वाक्य लिहिलेलं असलं की रात्री उतरणाऱ्यांना जरा वचक राहतो.

७ एप्रिलला पंप लागला. इथं आमची मोठी चूक झाली.

नियम ठरला होता की दिवसाला दोन फुटांपेक्षा जास्त पाणी उतरवायचं नाही. कारण काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. विहिरीतलं पाणी आतून भिंतीला टेकू देत असतं, मागची माती पाण्यानं भरलेली असते. आतलं पाणी एकदम काढलं तर मागच्या मातीतलं पाणी तितक्या लवकर निचरत नाही आणि सगळा भार बिनचुन्याच्या भिंतीवर येतो. दुसऱ्या रात्री पंपवाल्याला डुलकी लागली, पंप चालू राहिला, सकाळी साडेसहा फूट पाणी उतरलेलं. ओळंबा लावला तर पश्चिमेची भिंत मधोमध दोन इंच पोटासारखी पुढं आलेली. काम थांबवलं. कडुनिंबाच्या बल्ल्यांचे तिरपे टेकू दिले, बल्लीच्या तोंडाशी पोतं, म्हणजे दगडाला मार लागत नाही. आठ दिवस रोज सकाळी-संध्याकाळी ओळंबा धरून माप वहीत लिहिलं. सातव्या-आठव्या दिवशी आकडा हलला नाही, मग पुन्हा सुरू, दिवसाला दीड फूट. रात्री पंप बंद, स्टार्टरला कुलूप, किल्ली सरपंचांकडं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

पंपाबद्दल आणखी एक, आणि ही गोष्ट जिवाची आहे. काठावर ठेवलेला साधा पंप पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढत नाही. तेव्हा कुणीतरी म्हणतंच, डिझेल इंजिन खालच्या टप्प्यावर उतरवू. कधीही नाही. धुराचा वायू विहिरीत साचतो, त्याला वास नसतो, आणि पहिला पडला की वाचवायला उतरलेला दुसराही पडतो. विजेवर चालणारा, गाळ ओढणारा पाणबुडी पंप भाड्यानं मिळतो, दिवसाला १,५००. गळती प्रवाह तोडणारा स्विच लावल्याशिवाय पाण्यात माणूस उतरवू नका. कुजलेल्या गाळातूनही विषारी वायू निघतो. पेटता दिवा खाली सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का तेवढंच सांगते, गाळातला वायू दाखवत नाही. वायू मोजायचं यंत्र भाड्यानं आणलं, आणि रोज उतरण्याआधी अर्धा तास पंखा लावून पाइपानं तळाशी हवा सोडली. खाली माणसं चार असतील तर वर दोन, दोघांच्या हातात दोर.

गाळाचा हिशेब आधी करा, म्हणजे दरात फसत नाही. कुंड १८ बाय १८, गाळ ९ फूट : २,९१६ घनफूट, म्हणजे २९ ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास). निघाल्यावर गाळ मोकळा होऊन फुगतो, म्हणून ट्रॉल्या ४१ झाल्या. ठेका ब्रासवर द्या, ट्रॉलीवर नको. ट्रॉली कधी भरलेली जाते, कधी नुसती जाते. विहिरी खोदणाऱ्या टोळीची यारी (गाळ वर ओढायचं यंत्र) लावली, ब्रासला १,८००. जेसीबी काठापासून वीस फूट लांब ठेवला, त्याच्या वजनानं आणि हादऱ्यानं वरचा कठडा खचतो. काम पहाटे साडेपाच ते साडेनऊ. मेच्या उन्हात त्यानंतर वर उभं राहवत नव्हतं, आणि सावलीतली टोळी वरच्या माणसावर अवलंबून असते.

शेवटचे दोन फूट यारीनं नाही, घमेल्यानं काढले आणि चाळले. निघालं ते असं : पितळी गडव्यांचे तुकडे, लोखंडी गळ, लाकडी रहाटाचा अर्धा भाग, बांगड्यांच्या काचा, असंख्य नारळ, गुटख्याच्या पुड्या, एक मोबाइल आणि ३१ घडीव दगड. एक भंगलेली छोटी मूर्तीही निघाली. त्याच दिवशी काम थांबवून तलाठ्यांकडून पंचनामा केला, जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व कार्यालयाला पत्र गेलं. ‘देवळीत बसवून टाकू’ असा आग्रह बराच झाला. मूर्ती सध्या पंचायतीच्या कपाटात पंचनाम्यासह आहे, पाहणीची वाट बघत.

गाळ थेट वावरात टाकू नका, निदान खारपाणपट्ट्यात. माती परीक्षणात क्षारता बघून घ्या. वरच्या पाच फुटांचा गाळ चालण्यासारखा निघाला, तो शेतकऱ्यांनी नेला; खालचा खारवट होता, तो गावाबाहेरच्या खड्ड्यात गेला.

१० जूनपर्यंत वेळ आहे असं धरलं होतं. २०२५ चा मे आठवत असेल, महिनाभर अवकाळी आणि मान्सूनही लवकर. २४ मेला यारी काढावी लागली. ईशान्य कोपऱ्यातला हातभर गाळ राहून गेला, तो अजून आहे.

पावसाळ्यात काही करायचं नसतं, फक्त बघायचं. पाणी कुठल्या सांध्यातून येतं, कुठल्या पायरीपर्यंत चढतं, शेतातलं गढूळ पाणी कुठून घुसतं. उत्तरेकडून घुसत होतं. तिथं फूटभर उंच मातीचा बांध घातला, खर्च शून्य.

ऑगस्टमध्ये कळीचा चुना विरवायला टाकला. महिनाभर तरी तो पाण्याखाली मुरला पाहिजे. नीट न विरलेला खडा सांध्यात गेला तर नंतर फुगून विटेचा कोपरा उडवतो. नोव्हेंबरात गवंडी आले. दोन भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, तीन भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. भिजवायच्या पाण्यात गूळ आणि बेलफळाचा गर. लावलेलं काम दहा दिवस ओल्या पोत्यानं झाकायचं. चुना वाळवायचा नसतो, मुरवायचा असतो, हे गवंड्याला पटवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही जेवायला गेलो आणि परत येईतो पायऱ्यांच्या बाजूला चार फूट सिमेंट भरून झालं होतं. त्याचा हेतू चांगलाच होता, “मजबूत व्हावं म्हणून”. खारपाणात सिमेंट म्हणजे काय होतं : बिनचुन्याच्या भिंतीचे सांधे हे पाणी निचरायच्या वाटा असतात. त्या बुजल्या की खारं पाणी दगडातूनच बाहेर यायला बघतं, वाळताना मीठ दगडाच्या कातडीखाली जमतं आणि कातडी पापडासारखी सुटते. चार फूट काढायला छिन्नीनं तीन दिवस लागले, दोन दगडांच्या कडा उडाल्या. कामावर सिमेंटचं पोतं येऊच द्यायचं नाही, हाच उपाय.

दगड बसवणं सोपं गेलं असं नाही, पण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. ५४ पैकी ३८ जागेवर बसले, नंबर आणि फोटो बघून. १६ ची जागा कळली नाही. ते काठाशी रचून ठेवले, अंदाजानं कुठंही घुसवले नाहीत. फुगलेली भिंत सोडवून परत रचावी का, यावर मतभेद होते. वास्तुविशारदांनी दोन पावसाळे माप घेत राहा म्हटलं, तसं करतोय.

खर्च सगळा मिळून १ लाख ८३ हजारांच्या आसपास. त्यात टोळीचे ५२,२००, ट्रॉल्यांचे २०,५००, पंपाचे ११ दिवसांचे १६,५००, दोन गवंडी आणि तीन मजूर १९ दिवस मिळून ६२,७००. उरलेल्यात चुना-सुरखी, फरश्या, यंत्रांचं भाडं, कागद आणि दिव्यांचं तेल.

१५ फेब्रुवारी २०२६ ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, दिवे लावले. बावड्यांवर या दिवशी दीपोत्सव करायची रीत आता राज्यभर दिसते. ६०० पणत्या, वाती गावच्याच कापसाच्या, नऊ लिटर तेल. एका पणतीत १५ मिलिलिटर घातलं की दोन तास जळते, आणि आम्हाला त्यापेक्षा जास्त नको होतं. प्रत्येक पणतीखाली मूठभर ओली वाळू. तेल दगडात मुरलं तर काळा डाग कायमचा, आणि पायरीवर सांडलं तर माणूस सरळ कुंडात. दार एकच, म्हणून पायऱ्यांच्या मधोमध दोर, डावीकडून उतरायचं, उजवीकडून चढायचं, एका वेळी तीसच माणसं. कठड्याला बांबूचं कुंपण, कुंडाशी ट्यूब घेऊन चार पोहणारे. पोलीस ठाण्यात आठ दिवस आधी पत्र दिलं, भोंगा दहाच्या आत बंद. विजेच्या माळा आणि पाण्यावर सोडायचे दिवे दोन्ही नाकारले. कागदी बोट भिजली की तळाशीच जाते, आणि तळ आम्ही नुकताच बघितला होता.

म्हाताऱ्या बाया आधी उतरल्या. त्यांतल्या एकीनं खालून ओरडून विचारलं, “काऊन बापा, इथली हौदी कुठं गेली?” जनावरांसाठीची दगडी हौदी. आमच्या एकाही नकाशात ती नव्हती. तिनं बोट दाखवलं ते ईशान्य कोपऱ्याकडं, जिथं गाळ राहून गेलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणत्या उचलल्या, वाळू झाडली, सांडलेल्या तेलावर कोंडा टाकून तासाभरानं खरवडला. पाणी त्या दिवशी एकोणिसाव्या पायरीला होतं. १ मार्चला एकविसाव्या. आकडा दर पंधरवड्याला पंचायतीच्या भिंतीवर लिहितो. हौदीसाठी पुढच्या एप्रिलची तारीख टोळीकडून घेऊन ठेवली आहे.